शेवटच्या केमोनंतर

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीच्या मनाचा अवघड काळ बहुतेक वेळा उपचार संपल्यावर सुरू होतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन चालू असते त्या महिन्यांत विचार करायला सवडच नसते. पांढऱ्या पेशींचा आकडा, पुढच्या सायकलची तारीख, मुंबईला जाण्यायेण्याची सोय, पैशांची जुळवाजुळव यांतच दिवस जातात, आणि अवतीभवती सतत कोणी ना कोणी असते. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘आता तीन महिन्यांनी या.’ घरी पेढे येतात, मदतीला आलेली बहीण आपल्या गावी परतते, नवरा कामाला लागतो, मुले अभ्यासाला. घरच्यांच्या लेखी आजार संपलेला असतो. आपल्याला नेमके काय झाले, हे तिला मात्र आता कुठे कळू लागलेले असते.

वैद्यकाचे या काळाकडे लक्ष गेले ते उशिराच. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांना ऐन तिशीत कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला आणि कर्करोगानंतरच्या आयुष्याचे तीन टप्पे मांडले. पहिला निदान व उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, म्हणजे तपासण्यांचा आणि टांगत्या भीतीचा. तिसरा, रोग परतण्याची शक्यता बरीच कमी होते तो. यातला दुसरा टप्पा कोणाच्याच खात्यात जमा नव्हता: शल्यविशारदाचे काम झालेले, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे कोणी पाठवलेले नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ साली याच विषयावर अहवाल काढला, तेव्हाही परिस्थिती फारशी निराळी नव्हती.

भारतात हा प्रश्न किती घरांचा आहे, हे आकड्यांवरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने गेल्या. भारतीय स्त्रियांमध्ये आता हाच सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरी दहाएक वर्षे लहान वयात होतो. म्हणजे मुलगी बारावीला, सासूचे गुडघ्याचे ऑपरेशन तोंडावर आणि घराचे हप्ते निम्मे बाकी, अशा वयात. तिला आजारी पडायला घरात जागाच नसते, आणि बरे झाल्यावर दमायला तर त्याहून नसते.

मनाची घडी बसायला किती काळ लागतो, याचे एक चांगले मोजमाप लंडनमध्ये झालेले आहे. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग असलेल्या २२२ स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेतलेला तो अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्या स्त्रियांना उपचार लागावेत इतपत नैराश्य, चिंताविकार किंवा दोन्ही होते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांवर आले, पाचव्या वर्षी पंधरा टक्क्यांवर. यातून दोन गोष्टी दिसतात. बहुतेक स्त्रिया सावरतात, ही एक. आणि सावरायला वर्षे लागतात, ही दुसरी. ‘सहा महिने झाले की, अजून काय घेऊन बसलीस?’ असे म्हणणाऱ्यांना ही दुसरी ठाऊक नसते.

या वर्षांमध्ये सर्वांत चिवट ठरते ती रोग परत येण्याची भीती. पूर्वी पाठ भरून आली तर बाम चोळून स्त्री कामाला लागे. आता त्याच दुखण्याने रात्रीची झोप उडते, कारण हा रोग हाडांत जातो हे तिने वॉर्डात ऐकलेले असते. खोकला झाला की फुप्फुस आठवते, डोके दुखले की मेंदू. आंघोळ करताना हात आपोआप काखेत जातो, पुन्हा पुन्हा चाचपतो, इतका की तिथली जागाच दुखू लागते. मग ते दुखणे हेच नवे लक्षण वाटते. तपासणीच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट. स्वयंपाकात मीठ दोनदा पडते, मुलांवर उगाच आवाज चढतो. रिपोर्ट नॉर्मल आला की चार दिवस हलके जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

ही भीती निराधार आहे, असे सांगून ती जात नाही, कारण ती पूर्णपणे निराधार नसते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात ‘पाच वर्षे झाली, आता सुटलो’ असे ठामपणे म्हणता येत नाही. अशा ६० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांची पाच वर्षे संपल्यावरही पुढची पंधरा वर्षे रोग परतण्याचा धोका थोडा थोडा चालूच राहतो. म्हणून तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या काही जणींना दहा वर्षांपर्यंत दिल्या जातात. त्यामुळे भीती मुळासकट उपटणे हे उद्दिष्टच चुकीचे; तिला घरात ठेवून घर चालवायला शिकणे हे खरे काम.

या भीतीपोटी अनेक कुटुंबे दर सहा महिन्यांनी पेट स्कॅनचा आग्रह धरतात. कोणतेही लक्षण नसताना असे स्कॅन आणि रक्तातले ट्यूमर मार्कर नियमितपणे करू नयेत, असे मोठ्या वैद्यकीय संघटनांचे मार्गदर्शन आहे. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, पुढे दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, आणि दरवर्षी मॅमोग्राफी, एवढे पुरेसे मानले जाते. जादा स्कॅनने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. संशयास्पद ठिपके मात्र सापडतात, आणि त्यांच्या मागे आणखी तपासण्या लागतात. उलट, कोणत्या लक्षणासाठी लगेच यायचे आणि किती दिवस वाट पाहायची, हे डॉक्टरांनी एकदा कागदावर लिहून दिले तर पुष्कळ धीर मिळतो.

या भीतीवर खास मानसोपचारही तयार झाले आहेत. ऑस्ट्रेलियात एका उपचारपद्धतीची चाचणी २२२ जणांवर झाली. त्यांत बहुसंख्य स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रिया होत्या. एकेका व्यक्तीबरोबर पाच बैठका. भीतीचा विचार आला की त्याच्याशी वाद घालत बसायचे नाही, लक्ष दुसरीकडे वळवण्याचा सराव करायचा, आणि आयुष्यात आपल्याला खरोखर काय हवे आहे ते ठरवून त्याच्या मागे लागायचे, असा त्याचा गाभा. केवळ शिथिलीकरण शिकवलेल्या गटापेक्षा या गटातली भीती अधिक कमी झाली. मन मोकळे करण्यासाठी कोणीतरी भेटले, एवढ्यानेच हा फरक पडला नव्हता. शिकवलेल्या कौशल्याने पडला होता.

मनाइतकीच घडी शरीराशीही नव्याने बसवावी लागते. एके काळी या रोगावर एकच शस्त्रक्रिया होती. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या पद्धतीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळेच काढले जाई. पुढे इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी सिद्ध केले, की लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठ काढून रेडिएशन दिले तरी स्त्री तितकीच जगते. स्तन वाचलेल्या स्त्रियांना स्वतःच्या शरीराविषयी कमी अवघडल्यासारखे वाटते, हे अनेक अभ्यासांत दिसते. रोग परतण्याची भीती मात्र स्तन वाचल्याने पळून जात नाही. आणि आपल्याकडे निदान उशिरा होत असल्याने अजूनही कितीतरी जणींचा पूर्ण स्तन काढावा लागतो.

त्यानंतरचे प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतील असे असतात, पण रोज सकाळी ते समोर उभे राहतात. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो. डावा स्तन काढलेला असेल तर ती बाजू पदराआड जाते, उजवा काढलेला असेल तर ब्लाऊजची सपाट बाजू उघडी पडते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग असतो आणि एप्रिल-मेच्या घामात तो नकोसा होतो. काही जणी ब्लाऊजमध्ये रुमालाची घडी किंवा कापसाची पिशवी शिवून घेतात. ती हलकी असल्याने हात वर केला की वर सरकते. २०११ मध्ये अमेरिकेत सुती धाग्याने विणलेले, आत मऊ तंतू भरलेले कृत्रिम स्तन फुकट वाटण्याची एक चळवळ सुरू झाली. आता मुंबईतही स्वयंसेवक स्त्रिया असे स्तन विणून गरजू स्त्रियांना पाठवतात. ते धुता येतात, टोचत नाहीत आणि आतले तंतू कमीजास्त करून घरच्या घरी लहानमोठे करता येतात. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला मापाच्या वेळी काय सांगायचे, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ जणी त्या एका प्रश्नापायी तयार ब्लाऊज घेऊ लागतात.

काखेतल्या गाठी पूर्ण काढल्यावर साधारण पाचातल्या एकीचा त्या बाजूचा हात पुढेमागे सुजतो. त्या हाताला बांगड्या चढत नाहीत. चढल्या तरी घट्ट दागिना घालू नका, असे डॉक्टर बजावतात. सवाष्ण बाईचा एक हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेला आणि दुसरा रिकामा, हे दृश्य हळदीकुंकवात सगळ्यांच्या नजरेला पडते आणि कोणीतरी कारण विचारतेच. केस जाण्याचे दुःखही आपल्याकडे केवळ रूपाचे नसते. ज्या समाजांत विधवांच्या केशवपनाची चाल होती, तिथे ती मोडून काही पिढ्या लोटल्या, तरी बाईच्या तुळतुळीत डोक्याचा अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात अजून तोच असतो. नवरा शेजारी बसलेला असतानाही सासूला ते डोके पाहवत नाही, ते याच कारणाने. केस तीन-चार महिन्यांत परत येऊ लागतात. त्या दिवसांत ऐकलेले बोलणे मात्र लक्षात राहते.

याहूनही झाकलेला विषय शरीरसंबंधांचा. केमोने अनेक तरुण स्त्रियांची पाळी एकाएकी बंद होते, गोळ्यांनी अंगाची आग होते, योनीमार्ग कोरडा पडतो आणि संबंध दुखरा होतो. ती टाळते. नवऱ्याला वाटते तिला त्रास होऊ नये म्हणून आपणच लांब राहावे. ती समजते, आता आपण त्याला नकोशा झालो. दोघेही एकमेकांची काळजी घेत असतात आणि दोघेही एकटे पडतात. कोरडेपणावर संप्रेरक नसलेली जेल मिळतात, गरज पडल्यास इतर उपायही कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करता येतात. पण ओपीडीच्या तीन मिनिटांत, मागे रांग उभी असताना, ही गोष्ट विचारायला जीभ रेटत नाही. ती डॉक्टरांनीच आधी विचारायला हवी.

औषधांबद्दलही एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण ती फार थोड्या घरांत माहीत असते. नैराश्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, यकृतातल्या एका विकराला अडवतात आणि टॅमॉक्सिफेनचे शरीरात होणारे क्रियाशील रूपांतर कमी करतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या स्त्रीने मानसोपचारतज्ज्ञाला ते सांगितलेच पाहिजे. व्हेन्लाफॅक्सिनसारखा पर्याय उपलब्ध आहे, आणि त्याने अंगाची आगही कमी होते. ‘मनाच्या गोळ्या’ म्हटल्या की घाबरायचे, आणि घ्यायच्याच तर गुपचूप घ्यायच्या, ही आपली सवय इथे धोक्याची ठरते.

आता ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याकडे वळले पाहिजे. कर्करोग झालेल्या स्त्रीला सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा हा सल्ला, आणि त्यामागे एक खरा वैज्ञानिक इतिहास आहे. १९७९ मध्ये लंडनच्या स्टीव्हन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम सत्तरएक स्त्रियांचा अभ्यास छापला. ज्यांनी रोगाशी झुंजण्याची वृत्ती दाखवली, त्या पाच वर्षांनी अधिक प्रमाणात रोगमुक्त होत्या. गंमत अशी, की ‘मला काही झालेलेच नाही’ असे म्हणणाऱ्याही त्यात चांगल्या राहिल्या होत्या. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती फक्त झुंज. पुढे १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी रोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्या दर आठवड्याला गटात बसून मन मोकळे करीत, त्या सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या. बाकीच्या १९ महिने. जगभर या निष्कर्षाचा बोलबाला झाला.

मग मोठे अभ्यास झाले. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात झुंजार वृत्तीचा आयुर्मानावर काहीही परिणाम दिसला नाही. २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर स्पीगल यांचीच गटपद्धती वापरली: आयुष्य वाढले नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या चाचणीतही एकंदरीत आयुष्य लांबल्याचे दिसले नाही आणि २००७ मध्ये त्यांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. तेव्हा उपलब्ध पुराव्यावरून स्पष्ट सांगता येते: हसतमुख राहिल्याने कर्करोग हटत नाही आणि रडल्याने तो परत येत नाही. १९९९ च्या अभ्यासात अत्यंत हताश आणि तीव्र नैराश्यात असलेल्या स्त्रियांना धोका थोडा अधिक दिसला, हे खरे. पण त्यावरचा उपाय नैराश्याचा उपचार करणे हा आहे. रुग्णाला जबरदस्तीने हसायला लावणे हा नव्हे.

‘पॉझिटिव्ह राहा’ या आग्रहाचा तोटा असा, की रोग परतलाच तर ती हार तिच्या स्वभावाच्या माथी मारली जाते. लेखिका बार्बरा एरनराइक यांना स्वतःला हा रोग झाला आणि जनजागृतीच्या गुलाबी फितींमागच्या सक्तीच्या प्रसन्नतेवर त्यांनी सडकून टीका केली. त्याआधी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात कृत्रिम स्तन लावून काही झालेच नाही असे दाखवण्याला नकार दिला होता. सगळ्यांनाच लॉर्ड यांचा मार्ग झेपेल असे नाही आणि झेपायची गरजही नाही. आपल्या शरीराचे काय करायचे हे आपण ठरवावे, एवढेच त्या सांगत होत्या, आणि तेवढे मात्र प्रत्येकीला लागू आहे.

‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी १९८३ मध्ये, स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून, सावरण्याच्या प्रक्रियेत तीन धागे दाखवले: घडले त्याचा काहीतरी अर्थ लावणे, आयुष्यावरचा ताबा परत मिळवणे आणि स्वतःची किंमत स्वतःच्या नजरेत पुन्हा उभी करणे. जवळजवळ प्रत्येकीकडे आपल्या रोगाचे काही ना काही कारण तयार होते. पडल्याचा मार, मनस्ताप, खाणेपिणे. वैद्यकदृष्ट्या ती कारणे खरी होती की नाही, याचा सावरण्याशी फारसा संबंध नव्हता. आणखी एक गंमत टेलर यांना दिसली. गाठ काढलेली स्त्री पूर्ण स्तन गेलेलीकडे पाहून हायसे वाटून घेत असे, आणि वयस्क स्त्री तरुण रुग्णाकडे पाहून. ‘माझं तरी बरं’ म्हणण्यासाठी प्रत्येकीला कोणीतरी सापडत होते.

आपल्याकडे या ‘का’चे उत्तर बहुधा तयार मिळते: नशीब, भोग, मागच्या जन्मीचे काहीतरी. शहरी शिकलेली माणसे या उत्तराला नाक मुरडतात. अलाहाबादचे मानसशास्त्रज्ञ अजित दलाल यांचे संशोधन मात्र थोडे थांबायला लावते. १९८८ मध्ये त्यांनी आणि नमिता पांडे यांनी अपघातग्रस्तांचा अभ्यास केला, तेव्हा अपघाताचे कारण कर्म किंवा देवाची इच्छा मानणाऱ्यांची मनाने सावरण्याची गती चांगली दिसली. ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे उचलता येणार नाही. तरी कर्म म्हटले की माणूस हातपाय गाळतो, हे गृहीत धरता येत नाही एवढे त्यातून निघते. ‘होते ते होऊन गेले, आता पुढचे आपल्या हातात’ असाही त्याच श्रद्धेचा अर्थ लावता येतो, आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी स्त्रिया तो तसाच लावतात.

तीच श्रद्धा उलटी फिरली तर पोळते. ‘देवाने मला शिक्षा दिली’, ‘माझ्याकडून कुळाचाराला खंड पडला म्हणून हे झाले’, ‘इतकी वर्षे सेवा केली, शेवटी देवानेही पाठ फिरवली’ ही वाक्ये जिच्या मनात घर करतात, तिचे नैराश्य वाढते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमंट यांनी श्रद्धेच्या आधाराचे हे दोन प्रकार वेगळे केले, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यासांतही देवाने टाकल्याची भावना आणि खालावलेले मन यांचा संबंध दिसून आला. ही भावना तिची एकटीची क्वचितच असते. भेटायला आलेली नातेवाईक ‘तुमच्याकडे देवाचं काही राहिलंय का बघा’ म्हणते आणि निघून जाते. काटा मागे राहतो.

आध्यात्मिक स्वास्थ्य मोजण्यासाठी संशोधक बारा प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या जातात: जगण्याला अर्थ आहे असे वाटणे, मनाची शांती आणि श्रद्धा. अशा मोजमापांत वारंवार दिसते, की नैराश्य कमी असण्याशी अर्थ आणि शांती यांचे नाते घट्ट असते; नुसत्या श्रद्धेचे त्या मानाने सैल. म्हणजे हरिपाठ म्हणणारीला त्यातून शांती मिळत असेल तर तो तिचे औषध आहे, आणि देव न मानणारीला बागेतल्या कामातून किंवा नातवाला शिकवण्यातून ती मिळत असेल तर तिचेही काही कमी नाही. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना, दर्ग्यातली दुआ, बुद्धवंदना, सोसायटीतले भजनी मंडळ यांत आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सोबत. तिथे आजाराबद्दल बोलावे लागत नाही, नुसते चार जणींत बसता येते.

श्रद्धा आणि उपचार यांची टक्कर होते ती बहुधा तपशिलात. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत वारीच्या किंवा जत्रेच्या गर्दीत जाणे म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणे. कडक उपासाने आधीच खालावलेले वजन आणखी उतरते. इस्लाममध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, आणि हिंदू घरांतही नवस पुढे ढकलता येतो किंवा घरच्या दुसऱ्या कोणी फेडता येतो. हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने किंवा गुरुजींनी सांगितले तर तिचा जीव भांड्यात पडतो. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या ठिकाणचे दहा दिवसांचे मौन शिबिरही उपचार नुकतेच संपलेले असताना, किंवा तीव्र नैराश्यात, घाईने करण्याची गोष्ट नव्हे. खरा धोका असतो तो उपचार थांबवायला सांगणाऱ्या बुवा-बाबांचा. अंगारा लावण्याने बिघडत नाही. गोळ्या बंद करण्याने बिघडते.

प्रत्यक्ष उपयोगी ठरलेल्या गोष्टी साध्या आहेत. अमेरिकेत ॲनेट स्टँटन यांच्या २००२ मधल्या चाचणीत साठ स्त्रियांना चार बैठकांत प्रत्येकी वीस मिनिटे लिहायला बसवले. आजाराबद्दल मनात खोलवर जे आहे ते लिहिणाऱ्या स्त्रियांच्या शारीरिक तक्रारी पुढे कमी राहिल्या आणि दवाखान्याच्या जादा फेऱ्याही. वही कोणाला दाखवायची नसते, शुद्धलेखन पाहायचे नसते. योगाचेही तसेच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने बंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थेच्या साथीने रेडिएशन घेणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांचे शरीराचे कामकाज अधिक सुधारले आणि त्यांच्या ताणाच्या संप्रेरकाचा दिवसभरातला चढउतारही सुधारला. आसने, सावकाश श्वसन आणि शवासन यांपलीकडे त्यात काही गूढ नव्हते.

सगळ्यांत जुना उपाय म्हणजे त्याच वाटेने गेलेली दुसरी स्त्री. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचा स्तन काढला गेला. आता काय करायचे हे सांगायला कोणीच नाही, हे पाहून त्या स्वतःच इतर रुग्णांच्या खाटांशी जाऊन बसू लागल्या. सोबत हाताच्या व्यायामासाठी दोरी, एक चेंडू आणि कपड्यात घालायचा मऊ कृत्रिम स्तन. डॉक्टरांना ही लुडबूड वाटली आणि काही रुग्णालयांनी त्यांना दारही बंद केले. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तेच काम आपले म्हणून स्वीकारले. महाराष्ट्रात १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९९४ पासून काम करणारे व्ही केअर फाउंडेशन या मुंबईच्या संस्था रुग्णांना व कुटुंबांना आधार देतात; व्ही केअर तर कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनीच सुरू केले. ‘मलाही झाला होता, बारा वर्षं झाली’ हे वाक्य जे काम करते, ते कोणत्याही तज्ज्ञाच्या माहितीपत्रकाला जमत नाही.

घराची बाजूही सांगितली पाहिजे. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा कपडे वापरल्याने पसरत नाही, तरी ताट-वाटी वेगळी करणारी घरे आजही आहेत. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आईचा आजार सोयरिकीत लपवला जातो. स्तनाचा कर्करोग थेट आनुवंशिक असण्याचे प्रमाण पाच ते दहा टक्के आहे; कुटुंबात अनेक जणींना किंवा फार तरुण वयात झाला असेल तर जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा, एरवी लेकीला आईचे दुखणे लागतेच असे नाही. या लपवालपवीत आईच्या मनावर बसणारी गोष्ट अशी, की आपण मुलीच्या वाटेतला अडथळा झालो.

काही स्त्रिया सांगतात, की आजाराने त्यांना बदलले. फालतू गोष्टींवर जीव जाळणे थांबले, ‘नाही’ म्हणता येऊ लागले, नवऱ्याच्या परवानगीवाचून त्या एकट्या प्रवासाला निघाल्या. मानसशास्त्रात आघातानंतर होणाऱ्या अशा वाढीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती खरी असते. पण ती दुःखाबरोबरच नांदते, दुःखाच्या जागी येत नाही, आणि सगळ्यांना येतेच असेही नाही. आजाराने काहीच शिकवले नाही, नुसते छळले, असे म्हणणारी स्त्रीही सावरलेलीच असू शकते.

मदत कधी घ्यायची, यासाठी कर्करोग रुग्णालयांत एक सोपी पट्टी वापरली जाते. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते शून्य ते दहा या अंकांत सांगायचे. चार किंवा त्याहून अधिक असेल तर समुपदेशकाला भेटायचे. हा प्रश्न घरीही विचारता येतो. दोन आठवडे सलग झोप नाही, कशात रस नाही, जगावेसे वाटत नाही, असे असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. कर्करोगतज्ज्ञांना सांगावे. ते शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मोफत, आणि मराठीत बोलता येते.